भरली गाडी निघते, रिकामी फसते : पाथरीकडच्या एका पिकअपचं हिवाळी प्रकरण

मराठवाड्यात हिवाळ्यात गाडी घसरते म्हटलं की बाहेरच्या माणसाला नवल वाटतं. इथं बर्फ नाही, पाऊस नाही, मग घसरायला झालं काय? पण जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, पाथरी-मानवतच्या ऊसपट्ट्यात ज्याची गाडी पहाटे पाच वाजता निघते, त्याला हे विचारावं लागत नाही. कारखाने सुरू झालेले असतात, उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातला काळा चिखल डांबरावर आणून सांडतात, रब्बीच्या आवर्तनाचं (पाळीनं सोडलेलं) पाणी चाऱ्यांतून (कालव्याच्या छोट्या पाटांतून) पाणंदीवर (शेतवाटेवर) येतं आणि या सगळ्यावर रात्रभर दव पडतं. माझ्या गॅरेजमध्ये डिसेंबर-जानेवारीत घसरलेल्या, फसलेल्या पिकअप जितक्या येतात, तितक्या ऐन पावसाळ्यातही येत नाहीत. पावसाळ्यात माणूस जपून असतो, हिवाळ्यात गाफील राहतो.

हे प्रकरण एका दूधवाल्याच्या पिकअपचं आहे. घरची म्हातारी-कोतारी माणसं आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहतात, गाडीही तिथंच उभी असते. पहाटे रिकामे कॅन घेऊन आखाड्यावरून निघायचं, चारीच्या कडेची सुमारे किलोमीटरभर पाणंद ओलांडून डांबरी रस्त्याला लागायचं, चार-पाच गावांतून आणि दोन आडवाटांवरून दूध गोळा करायचं आणि शीतकरण केंद्रावर पोचवायचं. चाळीस लिटरचे पंधराएक कॅन, म्हणजे केंद्राकडे जाताना हौद्यात सहाशे किलोच्या आसपास माल. गाडीच्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षाही कमी.

त्यानं गाडी आणली तेव्हा दोन तक्रारी होत्या. पहिली त्याच्याच शब्दांत सांगतो, कारण सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे : "भाऊ, भरली गाडी तसल्याच चिखलातून वढती, अन् रिकामी फसती. काहून?" दुसरी तक्रार जास्त गंभीर होती. कालव्याच्या पुलाअलीकडच्या वळणावर, डांबरावर, त्यानं साधा ब्रेक मारला आणि गाडीची मागची बाजू फिरून रस्त्याच्या कडेला गेली. कॅन रिकामे होते, समोर कुणी नव्हतं, म्हणून निभावलं.

त्याचा स्वतःचा उपाय ठरलेला होता. मागं रुंद टायर टाकायचे, जमलं तर ही गाडी विकून चारही चाकं ओढणारी घ्यायची. त्याच्या आबांचा सल्ला वेगळा : ट्रॅक्टरच्या टायरात पाणी भरतो तसं पिकअपच्याही मागच्या टायरात भरा, वजन येईल. दोन्ही सल्ल्यांत तथ्याचा एक धागा आहे, पण दोन्ही चुकीच्या जागी लागू होत होते.

आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर. गाडी वजनकाट्यावर नेली. पूर्ण गाडीचं वजन घेतलं, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून घेतलं. रिकाम्या गाडीचं वजन सतराशे किलोच्या जवळपास, त्यातलं हजाराच्या आसपास पुढच्या चाकांवर, मागं जेमतेम सातशे. इंजिन, गिअरबॉक्स, केबिन, चालक, सगळं पुढं. ओढतात मात्र मागची चाकं. म्हणजे ज्या चाकांनी ढकलायचं त्यांच्यावरच भार नाही.

आता ओल्या काळ्या मातीवर झिजलेल्या टायरची पकड भाराच्या पाचव्या हिश्श्याएवढी धरू. सातशे किलोवर ढकलण्याचा जोर मिळाला एकशेचाळीस किलोचा. चिकट चिखलात गाडी पुढं सरकायला एकूण वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा जोर लागतो असं धरलं, तर सतराशेला एकशेसत्तर किलो हवेत. जोर एकशेचाळीस, गरज एकशेसत्तर. गाडी जागेवर. तीच गाडी सहाशे किलो दूध घेऊन आली तर हौद्यातला बहुतेक भार मागच्या चाकांवर जातो. मागं साडेबाराशे किलो, जोर अडीचशेचा. एकूण वजन तेवीसशे, गरज दोनशेतीस. थोडक्यात का होईना, गाडी निघते. हे आकडे ढोबळ आहेत, मातीच्या ओलीप्रमाणे बदलतात, पण तिढा कुठं आहे ते त्यांतून उघड दिसतं. शिवाय चिखल ढोपरभर झाला की गरज दुप्पट-तिप्पट होते आणि मग भरलेली गाडी रिकाम्यापेक्षा आधी रुतते. म्हणून "वजन टाका" हा सल्ला सरसकट कुणाला देऊ नये.

इथं हिवाळी चिखलाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो, आणि माझ्या मते याच जागी बहुतेक जण चुकतात. आपली काळी जमीन दख्खनच्या बेसॉल्टपासून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसाळ्यात ती खोलवर मऊ होते, पाय टाकला की पाय जातो. डिसेंबरात मात्र खालची जमीन वाळून दगड झालेली असते. चारीचा पाझर आणि दव यांनी वरचा फक्त दोनएक इंचांचा थर रबडी होतो. कडक तळावर लोण्यासारखा पातळ थर, म्हणजे हिवाळ्यात गाडी रुतत कमी आणि घसरत जास्त. अशा ठिकाणी टायरनं थर कापून खालच्या कडक जमिनीला टेकायला हवं. रुंद टायर नेमकं उलटं करतो, तोच भार जास्त रुंदीवर पसरून वरच्या रबडीवर तरंगतो. खोल, मऊ रानात किंवा वाळूत रुंद टायर कामाचा, इथं नाही. म्हणून रुंद टायरचा बेत पहिल्याच दिवशी रद्द केला. मापाबाहेरचा टायर मडगार्डला घासतो, मीटरचा वेग चुकवतो आणि भार सोसण्याचं त्याचं गणितही बदलतं, ते वेगळंच.

टायरात पाणी भरण्याबद्दल आबांना समजावायला जरा वेळ लागला. ट्रॅक्टर रानात पाच-सात किलोमीटरच्या वेगानं चालतो, तिथं पाण्याचं वजन उपयोगी पडतं. पिकअप डांबरावर साठ-सत्तरनं पळते. त्या वेगात टायरातलं पाणी चाकाचा तोल बिघडवतं आणि हवेचा लवचीकपणा घालवतं. खड्ड्यात आदळलं की धक्का सरळ रिमला आणि पाट्यांना (स्प्रिंगच्या पट्ट्यांना). आबा म्हणाले, "मग वजन कुठं ठेवावं?" हा प्रश्न अगदी बरोबर होता, त्याच्याकडे पुढं येतो.

त्याआधी टायर पाहिले. मागच्या दोन्ही चाकांना रिमोल्ड केलेले (जुन्यावरच नवी नक्षी चढवलेले), सरळ रेघांच्या नक्षीचे टायर. खोली तीन मिलिमीटरच्या आसपास. कायद्यानं चारचाकीला १.६ मिलिमीटर चालतात, म्हणजे कागदावर टायर पास. पण सरळ रेघेत काळी माती बसली की ती निघायला वाटच नाही. दहा पावलांत खाचा भरतात आणि टायर गोटा होतो. नक्षी किती खोल आहे याहून ती माती बाहेर फेकते का, हे आपल्याकडे महत्त्वाचं. आडव्या, मोकळ्या ठोकळ्यांची आणि कडेला उघड्या खाचांची नक्षी असली की चाक फिरता फिरता बरीच माती झटकली जाते.

मग हवा तपासली. मागं पासष्ट पीएसआय, बारमाही. कारण विचारलं तर, माल कधी भरावा लागेल सांगता येत नाही म्हणून. पूर्ण भरलेल्या गाडीला हा दाब योग्य असेल, कंपनीच्या तक्त्यात भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळा दाब दिलेला असतोच. पण साडेतीनशे किलोचा भार असलेल्या चाकात पासष्टची हवा म्हणजे टायर फुगून मध्येच टेकतो. हे डोळ्यांनी दाखवायला मी टायरच्या पूर्ण रुंदीवर खडूचा जाड पट्टा ओढला आणि गाडी फरशीवर पाच-सहा फूट पुढं घेतली. मधला तळहाताएवढ्या रुंदीचा खडू पुसला गेला, दोन्ही कडांचा जसाच्या तसा पांढरा राहिला. दूधवाला वाकून बराच वेळ पाहत राहिला. मग हवा अडतीसपर्यंत काढली, पुन्हा खडू ओढला, पुन्हा गाडी सरकवली. या वेळी पट्टा कडेपर्यंत पुसला. साधं गणितही तेच सांगतं : भार भागिले दाब म्हणजे टेकण्याची जागा. दाब जवळपास निम्मा केला की टेकण्याची जागा दुपटीकडे जाते आणि नक्षीचे सगळे ठोकळे कामाला लागतात. मघाशी रुंद टायरला नाही म्हटलं, आणि आता टेकण्याची जागा वाढवतो, यात विरोध वाटेल. पण हवा कमी केल्यावर जागा मुख्यतः लांबीत वाढते, चाकोरीत टायर तेवढाच अरुंद राहतो, आणि आधी हवेत राहणाऱ्या कडांचे ठोकळे मातीत दाबले जातात.

एक इशारा मात्र ठामपणे द्यायचा आहे. अडतीसच्या हवेवर पूर्ण माल भरून गाडी पळवली तर टायरची कूस वाकून वाकून तापते आणि टायर फुटतो. म्हणून बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप आणि हवा मोजायचा गेज गाडीत ठेवायला लावला. दुधाच्या सहाशे किलोला किती हवा आणि पूर्ण मालाला किती, हे तक्त्यावरून काढून केबिनमध्ये रंगानं लिहून टाकलं. हवा मोजायची ती पहाटे, गाडी थंड असताना. आपल्याकडे हिवाळ्यात दुपारी तीस अंश असतं आणि पहाटे दहाच्या खाली जातं, परभणीत थंडीच्या लाटेत पारा पाच-सहापर्यंत उतरतो. वीसेक अंशांच्या फरकानं अडतीसच्या टायरात साडेतीन-चार पीएसआयचा फरक पडतो. दुपारी पंपावर भरलेली हवा पहाटेची खरी हवा नसते.

थंडीनं रबरही कडक होतं. नेहमीच्या टायरचं रबर सात अंशांच्या खाली पकड सोडायला लागतं, म्हणून थंड देशांत हिवाळी टायर वेगळे मिळतात, त्यांच्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण असते. मनालीच्या वर किंवा लडाखमध्ये ताज्या बर्फावर चाकांना साखळ्या बांधतात. दूधवाल्यानं साखळ्यांचे व्हिडिओ पाहिले होते आणि त्याबद्दलही विचारलं. आपल्याकडे सात अंशांखालच्या पहाटा मोजक्याच, त्यासाठी हिवाळी टायर घेण्यात अर्थ नाही, आणि ते आपल्या उन्हाळ्यात भराभर झिजतील. साखळ्या तर मुख्यतः बर्फाच्या थरावर वापरायच्या. किलोमीटरभर चिखल आणि मग चाळीस किलोमीटर उघडं डांबर अशा वाटेवर रोज चढवणं-उतरवणं कुणी करणार नाही, आणि न उतरवता डांबरावर चालवल्या तर साखळी, टायर आणि रस्ता तिन्ही खराब. विषय तिथंच संपवला.

त्याचं आणखी एक निरीक्षण होतं, आणि ते पक्कं होतं : फसताना दर वेळी मागचं उजवंच चाक नुसतं फिरतं. लोक याला दैव म्हणतात, पण यामागं कारण आहे. समोरून पाहिलं तर इंजिन घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं आणि मागच्या चाकांकडे जोर नेणारा शाफ्टही तसाच. हा पीळ मागच्या हाउसिंगला (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाच्या खोळीला) त्याच दिशेनं वळवू पाहतो. डावं चाक जमिनीत दाबलं जातं, उजवं उचललं जाऊन हलकं होतं. पहिल्या गिअरमध्ये जोर जास्त, म्हणून पीळही जास्त. त्यात साधं डिफ्रन्शियल (त्या खोळीतली, दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची जुळणी) दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणजे दुबळ्या चाकाला जेवढा पेलतो तेवढाच दुसऱ्यालाही. उजवं चाक गरगर फिरतं आणि डावं चांगल्या जमिनीवर असूनही नुसतं उभं राहतं.

यावर बिनखर्चाचे दोन उपाय त्याला शिकवले. एक, चिखलातून निघताना पहिला नव्हे, दुसरा गिअर, आणि क्लच हळू सोडायचा. डिझेल इंजिन कमी फेऱ्यांतही रिकामी गाडी दुसऱ्यात उचलतं. दोन, उजवं चाक फिरू लागलंच तर हँडब्रेक दोन-तीन दात हलकेच ओढायचा. मागच्या दोन्ही चाकांवर थोडा अडथळा आला की फिरणाऱ्या चाकाला जोर जास्त लागतो, आणि डिफ्रन्शियलच्या नियमानं तेवढाच जास्त जोर डाव्या चाकालाही मिळतो. हे काही पावलांपुरतंच करायचं, नाहीतर ड्रम तापतात. आणि चाक जागेवर फिरतंय असं कळताक्षणी पाय उचलायचा. फिरतं चाक काळ्या मातीला घोटून गुळगुळीत करतं, मग तिथून मागचीही गाडी जात नाही.

आता वजन. आबांच्या प्रश्नाचं उत्तर असं निघालं : हौद्यात, मागच्या हाउसिंगच्या बरोबर वर किंवा जरा पुढं, मुरमानं भरलेली चार पोती, मिळून दोनशे किलोच्या आसपास. फाळक्याजवळ (हौद्याच्या मागच्या झडपेजवळ) ठेवलं तर मागचं वजन आणखी वाढतं हे खरं, पण पुढची बाजू उचलल्यासारखी होते, स्टेअरिंग आणि पुढचे ब्रेक हलके पडतात. वळणावर घाबरवणाऱ्या गाडीला तेच नको होतं. पोती दोरानं आवळून बांधायची, नाहीतर ब्रेकला केबिनच्या पाठीवर येऊन आदळतात. वाळूऐवजी मुरूम का? कारण अडकल्यावर एक पोतं सोडून चाकाखाली पसरता येतं. दूधवाल्याचा भाऊ म्हणाला होता की जाताना कॅनमध्येच पाणी भरून नेऊ, पोत्यांची गरजच नाही. वजनाच्या दृष्टीनं चालेल, पण दुधाच्या कॅनमध्ये पाणी घेऊन गावोगाव फिरणाऱ्या गाडीबद्दल लोक काय बोलतील, हे त्याचं त्यालाच कळलं. सहाशे किलो दुधासोबत पोती गाडीच्या क्षमतेत सहज बसतात. कडबा किंवा बेणं भरायचं त्या दिवशी पोती उतरवायची, हा नियम.

मघाच्या ढोबळ गणितात हे बसवून पाहा. पोत्यांमुळे मागं नऊशेच्या जवळ भार. नुसत्या वजनानं जोर एकशेऐंशीचा होतो, पण एकूण वजनही वाढल्यानं गरज एकशेनव्वद. अजून कमीच पडतं. नक्षी बदलून पकड पाचव्या हिश्श्यावरून तीन दशांशावर आली की जोर दोनशेसत्तरवर जातो आणि गाडी आरामात निघते. म्हणजे पोती एकटी पुरली नसती. खर्च करायचा असेल तर आधी टायरवर, हे त्याला मी आकडे मांडूनच पटवलं. त्यानं मूळ मापाचे, भाराचा तोच दर्जा असलेले, मोकळ्या ठोकळ्यांचे दोन नवे टायर मागं घेतले.

राहिली दुसरी तक्रार, ब्रेकला मागची बाजू फिरण्याची. खरं सांगायचं तर हीच मला जास्त महत्त्वाची वाटली. फसलेली गाडी वेळ खाते, फिरलेली गाडी माणूस खाते. अशा बऱ्याच मालवाहू गाड्यांत मागच्या हाउसिंगपासून चेसीपर्यंत (गाडीच्या सांगाड्यापर्यंत) एक दांडी असते, ती भारानुसार मागच्या ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह हलवते. गाडी रिकामी असली की पाटे उठतात, दांडी सरकते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. या गाडीची दांडी वाळलेल्या मातीच्या गोळ्यांनी जाम झाली होती, आणि ती भरल्या गाडीच्या स्थितीत अडकली होती. म्हणजे रिकाम्या मागच्या चाकांना भरल्या गाडीएवढा ब्रेक. डांबरावर ओल्या मातीचा थर, झिजलेला टायर, फुगलेली हवा, आणि वर हे. मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरली नसती तरच नवल. दांडी मोकळी केली, व्हॉल्व्ह तपासला, ड्रममधली माती काढली, दोन्ही बाजूंचा ब्रेक सारखा केला. आठवड्याला एकदा त्या दांडीवर पाण्याचा फवारा मारायचा, एवढंच काम त्याच्याकडे दिलं.

डांबरावरच्या त्या थराबद्दलही बोललो. ट्रॉल्या जिथं रानातून रस्त्यावर चढतात, तिथं पहाटे सगळ्यात जास्त घसरण असते, कारण दवानं माती नुकतीच ओली झालेली असते, धुऊन जाण्याएवढं पाणी नसतं. मोठा पाऊस रस्ता धुतो, दव फक्त माखतं. त्यानं आपल्या वाटेवरच्या अशा जागा हेरल्या आहेत आणि तिथं वळणाच्या आधीच गिअर खाली घेतो, वळणात ब्रेकला पाय लावत नाही. एका ऊसवाल्यानं तर विनंतीवरून शेताच्या तोंडावर पाचट आणि मुरमाचा जाड पट्टा टाकला, ट्रॅक्टरची चाकं त्यावर झटकली जातात आणि रस्त्यावर निम्मीही माती येत नाही. सगळ्या ऊसवाल्यांनी एवढं केलं तर अर्धं गाव सुखानं रस्त्यावरून जाईल, हे मी मनापासून म्हणतो.

निकाल असा. आवर्तन चालू असतानाही गाडी आता पाणंदीतून पहाटे दुसऱ्या गिअरवर निघते. उजवं चाक कधीतरी फिरतं, हँडब्रेकच्या दोन दातांत सावरतं. पुलाअलीकडच्या वळणावर मागची बाजू पुन्हा सुटलेली नाही. जे जमलं नाही तेही सांगतो : जानेवारीत अवकाळी पाऊस झाला, पाणंद खालपर्यंत भिजली, आणि वरचा पातळ थर जाऊन खरा पावसाळी चिखल झाला. त्या दिवशी ना नवा टायर कामी आला ना पोती, उलट पोत्यांनी गाडी जरा आणखी बसली. ट्रॅक्टरनं ओढून काढावी लागली. तेव्हापासून आभाळ आलं की गाडी आदल्या संध्याकाळी फाट्यावर लावायची आणि पहाटे कॅन बैलगाडीनं तिथवर आणायचे, असं घरात ठरलं आहे.

चारही चाकं ओढणारी गाडी घ्यायचा विचार सध्या मागं पडला आहे. त्याला पुढं खर्च करायचाच असेल तर मागच्या हाउसिंगला लॉक होणारं, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, डिफ्रन्शियल बसतं का ते पाहू, एवढं मी सुचवलंय, कारण त्याची अडचण एका चाकाची आहे, पुढच्या दोन चाकांची नाही. दरम्यान त्यानं आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी मिळून शेत-पाणंद रस्त्यांच्या सरकारी योजनेतून त्या किलोमीटरभर वाटेचं खडीकरण व्हावं म्हणून ग्रामपंचायतीकडे अर्ज दिला आहे. चारीच्या बाजूनं नाली काढून पाझर तोडला तर मुरूम टिकेल. नाली आधी, मुरूम नंतर, हा क्रम अर्जात लिहायला मीच सांगितलं.